आठ जुलैचा सात ऑगस्ट

आमच्या उसाला तोड महिनाभर उशिरा आली, कारण एका कॉम्प्युटरला वाटत होतं की तो अमेरिकेत आहे.

ही गंमत म्हणून सांगत नाही. वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठाला आमचं रान आहे. २०२२ च्या ८ जुलैला आबांनी आडसाली लागण केली. चिटबॉय येऊन नोंद घेऊन गेला, पावती दिली. पावतीवर निळ्या पेनानं स्वच्छ लिहिलेलं: ८/७/२०२२. ज्यांच्या घरी ऊस नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की कारखान्याची तोडणी लागणीच्या तारखेच्या क्रमानं लागते. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. त्यामुळे लागणीची तारीख म्हणजे रांगेतला तुमचा नंबर असतो. तो एक दिवस मागं सरकला तरी गावात भांडणं होतात.

२०२३-२४ चा हंगाम नोव्हेंबरात सुरू झाला. आमच्या खालच्या अंगाच्या शेजाऱ्याची लागण १३ जुलैची, म्हणजे आमच्यापेक्षा पाच दिवस नंतरची. त्याचं रान डिसेंबरच्या सुरुवातीला मोकळं झालं. आमचा ऊस उभाच. आबा गट ऑफिसला गेले. कॉम्प्युटरवर बघून साहेब म्हणाले, "तुमची लागण सात ऑगस्टची आहे." आबांनी पावती पुढं केली. साहेब म्हणाले, "कॉम्प्युटरला जे आहे ते आहे."

आबांनी मला पुण्याला फोन केला. "आरं, तू त्यातला हाईस न्हवं? लागण जुलैत केली न् ती आगस्टात गेलीच कशी?"

ती कशी गेली हे मला फोनवरच कळलं होतं. तुम्ही कोडिंग करत असाल तर तुम्हालाही कळलं असेल.

८/७ हे मराठीत 'आठ जुलै' असतं. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणून तिथं तेच 'ऑगस्ट सात' होतं. कॉम्प्युटरच्या आत यातलं काहीच नसतं. एक्सेल तारीख म्हणून नुसता एक आकडा साठवतं, १९०० सालापासून मोजलेले दिवस. ८ जुलै २०२२ म्हणजे ४४७५० आणि ७ ऑगस्ट २०२२ म्हणजे ४४७८०. आपण टाइप केलेल्या ८/७ मधून यातला कुठला आकडा घ्यायचा, हे विंडोजची रिजन सेटिंग ठरवते. ती 'इंग्लिश, युनायटेड स्टेट्स' अशीच राहून गेली असेल, आणि आपल्याकडच्या ऑफिसांतल्या कितीतरी पीसींवर ती तशीच राहून गेलेली मी स्वतः पाहिली आहे, तर ८ जुलैचा ७ ऑगस्ट होतो. त्या वेळी बीप वाजत नाही आणि लाल रेघही येत नाही.

मग शेजाऱ्याचा १३ जुलै का वाचला? कारण तेरावा महिना नसतो. १३/७ बघून एक्सेल म्हणतं, ही तारीखच नव्हे. ते तो मजकूर म्हणून डावीकडं ढकलून देतं. क्रम लावला की अशा सगळ्या नोंदी एका बाजूला गोळा होतात, कुणाच्या तरी डोळ्यांत खुपतात आणि हातानं दुरुस्त होतात. जी चूक ओरडते ती दुरुस्त होते. आमची ओरडली नाही.

हिशोब करून बघा. प्रत्येक महिन्यातले पहिले बारा दिवस धोक्याचे. बारा महिन्यांचे झाले १४४. त्यातले १/१, २/२ असे बारा दिवस दोन्हीकडून वाचले तरी तेच. उरले १३२. म्हणजे वर्षातले १३२ दिवस असे आहेत, की ज्यांची तारीख चुकीच्या सेटिंगवर गुपचूप दुसरी होते. उरलेल्या २२१ दिवसांच्या तारखा निदान बोंब तरी मारतात.

पावती, अर्ज, पुन्हा पावती, असं करत आमची तोड जानेवारीत आली. तोवर उसाला तुरा आला, वजन घटलं, टोळीनं खुशाली वाढवून मागितली, आणि डिसेंबरात रान मोकळं करून गहू टाकायचा विचार गेला तो गेलाच. वर्षभर कुणी विचारलं की आबा सांगायचे, "कंप्युटरनं खाल्ला."

आबांचं हे वाक्य मला पटत नाही. कॉम्प्युटर काही खात नाही, तो सांगितलेलं ऐकतो. त्याला 'तू भारतात आहेस' एवढंही आपण सांगितलं नाही. हा लेख त्या 'आपण'बद्दल आहे, आणि त्या 'आपण'मध्ये मी आहे.

*

आता माझी चूक सांगतो.

कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडून पुण्यात पहिली नोकरी लागली, तेव्हा आमच्या टीमनं बचत गटांचे हप्ते नोंदवायचं एक अँड्रॉइड अॅप बनवलं होतं. त्यात हप्त्याची तारीख सर्व्हरला पाठवणारा तुकडा मी लिहिला. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. सर्व्हरला हवी तशी काटेकोर मांडणी. एकच गोष्ट केली नाही. ही मांडणी कुठल्या भाषेच्या नियमानं करायची, ते सांगितलं नाही. सांगितलं नाही की अँड्रॉइड फोनची भाषा घेतो. अँड्रॉइड स्टुडिओ अशा ओळींना पिवळा इशारा देतो. मी तो रोज बघायचो आणि रोज पुढं जायचो.

इंग्रजी फोनवर सगळं सुरळीत. हिंदी फोनवरही सुरळीत. मराठी फोनवर अॅप आपटलं. कारण ऐकण्यासारखं आहे.

जगातल्या भाषा तारीख, वेळ आणि आकडे कसे लिहितात, याची एक मोठी सामायिक वही आहे. तिचं नाव सीएलडीआर. युनिकोड कन्सॉर्शियम ती सांभाळतं. अँड्रॉइड, आयफोन, क्रोम हे सगळे त्याच वहीत बघून तुम्हाला तारीख दाखवतात. त्या वहीत हिंदीच्या पानावर नेहमीचे आकडे म्हणून इंग्रजी आकडे आहेत. मराठीच्या पानावर देवनागरी आकडे आहेत. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४३ नं केंद्राच्या कारभारासाठी हिंदी देवनागरी लिपीत घेतली, पण अंक आंतरराष्ट्रीय घेतले. आपण मात्र एसटीच्या पाट्यांवर, सातबाऱ्यावर, पहिलीच्या पाटीवर १, २, ३ चालू ठेवले. वहीत मराठीची ती सवय नोंदली गेली. म्हणजे या बाबतीत जगानं आपलं ऐकलं होतं. कुणी आंदोलन न करता मराठी आकडे जगभरच्या फोनमध्ये जाऊन बसले होते.

आणि मी, सांगली जिल्ह्यातला, दहावीपर्यंत मराठी माध्यमातला, त्याच आकड्यांवर ठेचकाळलो. मराठी फोन सर्व्हरला '२०१९-११-०५' असं देवनागरीत पाठवायचा. सर्व्हरला ते वाचता यायचं नाही. तो परत पाठवायचा आणि अॅप लाल अक्षरांत सांगायचं: 'अवैध दिनांक'.

तक्रारी आल्या. दुरुस्ती एका शब्दाची होती. सर्व्हरशी बोलताना भाषा ठरावीक ठेव, एवढंच कोडला सांगायचं. पण रिलीज पुढं ढकललेलं, मॅनेजर घाईत. म्हणून मदतीच्या पानावर एक ओळ टाकायची ठरली आणि ती टाकायचं काम माझ्याकडं आलं. मी लिहिलं: 'तारखेची अडचण येत असल्यास फोनची भाषा इंग्रजी करा.'

माझी मामी सातारा जिल्ह्यात, कोरेगावजवळच्या गावात राहते. तिच्या गटाची ती अध्यक्ष. गटातल्या बायकांचे हप्ते वहीत मांडताना तिचा हिशोब कधी रुपयानं चुकलेला मी पाहिलेला नाही. तिच्या गटानं तेच अॅप घेतलं होतं. दिवाळीत गेलो तर तिच्या फोनवर सगळं इंग्रजी. मी विचारलं, "मामी, मराठी का काढलंस?"

ती म्हणाली, "आरं, ते चालंना. सारखं अवैध अवैध म्हणायचं. मला वाटलं मीच कायतरी चुकीचं दाबतीय. मग त्या पोरीनं इंग्रजी करून दिलं. आता कुठं काय हाय ते पाठ केलंय."

पाठ केलंय. कुठल्या खुणेवर बोट ठेवलं की काय उघडतं, हे तिनं पाठ केलं, कारण मला एक शब्द लिहायचा कंटाळा आला होता. आणि तिला वाटत राहिलं की तिचंच चुकतंय. ही गोष्ट मी तिला अजून नीट सांगितलेली नाही.

*

आपल्याकडं यावर काही ठरलेली उत्तरं आहेत. एकेक घेऊ.

पहिलं उत्तर, 'मराठीत फोन वापरतंच कोण?' हे मी मीटिंगमध्ये ऐकलंय, आणि म्हणणारे आडनावानं आपलेच होते. वापरणारे कमी आहेत म्हणून तपासत नाही, तपासत नाही म्हणून मोडतं, मोडतं म्हणून वापरणारे इंग्रजीवर जातात. मग आकडे काढून आपणच म्हणतो, बघा, कुणी वापरत नाही. मामीला मीच मराठीतून बाहेर काढलं. उद्या तिला मोजून कुणी सांगेल की ग्रामीण महिलासुद्धा इंग्रजी पसंत करतात.

दुसरं उत्तर, 'जगात चालतं तसं चालू द्या.' कुठल्या जगात? महिना आधी लिहायची पद्धत मुख्यतः अमेरिकेची. बहुतेक देश आपल्यासारखा दिवस आधी लिहितात. चीन, जपान वर्ष आधी लिहितात. विंडोज ज्या देशात बनतं त्या देशाची सवय म्हणजे जगाची रीत नव्हे. ती फक्त न बदललेली सेटिंग असते.

तिसरं उत्तर आमच्या इंजिनिअर लोकांचं लाडकं. 'सगळीकडं आयएसओ ८६०१ वापरा, वर्ष-महिना-दिवस, वाद मिटला.' यंत्रानं यंत्राला तारीख सांगताना हे शंभर टक्के बरोबर. १९८८ पासून ते मानक आहे आणि माझ्या त्या कोडलाही तेच हवं होतं. पण माणसाशी बोलताना? माझ्या आबांना '२०२२-०७-०८' दाखवणं म्हणजे दुकानदारानं भाव विचारल्यावर बारकोड वाचून दाखवणं. साठवण एका पद्धतीनं करायची आणि दाखवणं माणसाच्या भाषेत, हेच तर आमचं काम. यंत्राची सोय माणसाच्या गळ्यात मारायला इंजिनिअर कशाला हवा?

चौथं उत्तर मराठीप्रेमींचं, आणि ते उत्तर म्हणजे गप्प बसणं. शिवजयंती तारखेनं करायची की तिथीनं, यावर आपण वर्षानुवर्षं भांडतो. दुकानाची पाटी मराठीत नसेल तर दगड उचलतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा स्टेटसांचा पूर आला. पण यातल्या किती जणांचा स्वतःचा फोन मराठीत आहे? मराठीत अॅप मोडतं म्हणून कितींनी एक तक्रार नोंदवली? पाटी रस्त्यावरून दिसते, तारखेची मांडणी दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही. नुकसान मात्र न दिसणाऱ्या गोष्टीनंच झालं.

आणि मला शोभेचं मराठीपण नकोय. सरकारनं २२ मार्च १९५७ ला, म्हणजे १ चैत्र १८७९ ला, शक कालगणनेवरचं राष्ट्रीय पंचांग लागू केलं. ते सीएलडीआरच्या वहीतही आहे. फोनमधलं कोड सांगितलं तर आजची तारीख शकात दाखवू शकतं. छान आहे, असू द्या. पण त्यानं आबांचा ऊस एक दिवसही आधी तुटला नसता. मला हवीय ती साधी गोष्ट, की आठ जुलैचा आठ जुलैच राहावा.

*

हे फक्त तारखेचं नाही, वेळेचंही आहे.

२०१९ चा ऑगस्ट सांगलीत कुणी विसरलेलं नाही. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका मानतात. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. कोयनेतनं सोडलेलं पाणी कराडला कृष्णेत येतं आणि पुढं आमच्या दारात. त्यामुळे त्या आठवड्यात प्रत्येक जण फोनमध्ये एकच गोष्ट शोधत होता, पाणी किती आणि कधी. आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, पाणी आणखी चढणार, वेळ मंगळवार, ६ ऑगस्ट, २:०० एएम. आबांनी तो वाचला आणि म्हणाले, अजून टाइम हाय, मंगळवारी रातच्याला दोनला.

मराठी माणसाची मंगळवारची रात्र मंगळवारचा दिवस मावळल्यावर येते. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो आणि आमच्या बोलण्यातही तो तसाच बदलतो. घड्याळातला मंगळवार मात्र सोमवारी मध्यरात्रीच सुरू होतो. आबांच्या वाचण्यात आणि त्या मेसेजात पूर्ण एका दिवसाचं अंतर होतं. शेजारच्यानं सोमवारी रात्रीच हाळी दिली म्हणून म्हशी वेळेत सुटल्या. 'सोमवारी मध्यरात्रीनंतर दोन वाजता' किंवा 'मंगळवारी पहाटे दोनला' असं लिहिलं असतं तर हा घोळ झालाच नसता. आपल्या भाषेत पहाट आहे, सकाळ आहे, दुपार, संध्याकाळ, रात्र आहे. यातला एक शब्द जे काम करतो ते 'एएम'ला जमत नाही.

मजा म्हणजे हे शब्दही त्या वहीत आहेत. दिवसाच्या भागांची मराठी नावं तिथं नोंदलेली आहेत. कोडमध्ये वेळेच्या मांडणीत एक अक्षर बदललं की एएम-पीएमच्या जागी ती येतात. तरी माझ्या फोनवर पूर्ण तारीख-वेळ मराठीत मागितली की ती अशी येते: सोमवार, अमुक तारीख 'रोजी', २:३० पीएम 'वाजता'. 'पीएम वाजता' असं तुमच्या घरात कोण बोलतं? आधी त्याच वहीत म.पू. आणि म.उ. होतं, मध्यान्हपूर्व आणि मध्यान्होत्तर. तसंही कुणी बोलत नव्हतं. आधी कोशातला शब्द आला, मग इंग्रजी आला. बोलण्यातला शब्द वहीत असूनही समोर आला नाही, कारण तो समोर आणा म्हणणारं कुणी नव्हतं. ही वही बंद कपाटात नाही. तिच्यावर सूचना देता येतात, भाषेच्या जाणकारांना मत नोंदवता येतं, नवी आवृत्ती वर्षातून दोनदा निघते.

*

तर माझं म्हणणं असं. मराठीत तारीख-वेळ लिहायची सोय नाही, हे खोटं आहे. सोय बरीच झालेली आहे, आणि ती मोडून ठेवणारे आपण आहोत. सातारा-सांगली-कोल्हापुरातून दरवर्षी गाड्या भरभरून इंजिनिअर पुण्याला जातात. अॅप लिहिणारे आपण, तपासणारे आपण, 'इंग्रजी करा' असं मदतीच्या पानावर लिहिणारेही आपणच. अमेरिकेतल्या कुणी मामीचा फोन बिघडवला नाही.

कोड लिहिणाऱ्यांना माझी मागणी तीन गोष्टींची आहे. सर्व्हरशी बोलताना भाषा ठरवून सांगा. माणसाशी बोलताना त्याच्या फोनची भाषा पाळा. आणि प्रत्येक रिलीजआधी एक फोन मराठीत ठेवून अॅप चालवा. दहा मिनिटं लागतात.

कारखाना, सोसायटी, शाळा, ग्रामपंचायत, जिथं तुमचा कुणी काका-मामा कॉम्प्युटरवर बसतो, तिथं पुढच्या सुट्टीत जा आणि रिजन 'इंडिया' करून द्या. कागदावर, पावतीवर, एक्सेलमध्ये महिना अक्षरांत लिहायला सांगा. '८ जुलै २०२२' हे अमेरिकेतला कॉम्प्युटरही चुकीचं वाचू शकत नाही.

आणि ज्यांना कोडशी देणंघेणं नाही त्यांनी आज फोन मराठीत करून आठवडाभर वापरा. काहीतरी मोडेल. मोडलं की लगेच इंग्रजीवर जाऊ नका. स्क्रीनशॉट काढा, अॅप बनवणाऱ्यांना पाठवा आणि लिहा, तुमचं अॅप मोडलंय, माझी भाषा नाही.

ते अॅप मी सोडलेल्या कंपनीत अजून चालू आहे. माझी ती एक ओळ मी नोकरी सोडायच्या आधी दुरुस्त करून आलो, कुणी सांगितलं नव्हतं तरी. मामीचा फोन अजून इंग्रजीत आहे. गेल्या वेळी म्हटलं, देतो मराठी करून, आता चालतंय. ती म्हणाली, "नको बाबा. परत अवैध म्हणलं तर?"

तिला मी काय उत्तर देणार? तिच्या फोनवर अजून सात-आठ अॅप आहेत. ती तुमच्यापैकी कुणीतरी लिहिलीत.